उसात झाकलेलं पाखरू

एका म्हातारीचं वाक्य मी बरोबर ऐकलं आणि जाणूनबुजून चुकीचं सांगितलं. त्या वेळी मला मिसरूड फुटलं होतं, मी इंदापूरला अकरावीत शिकत होतो आणि कॉलेजच्या बसमध्ये मुलींच्या मागच्या सीटवर बसायला धडपडत होतो. तेव्हा 'लहान होतो, कळत नव्हतं' असं म्हणायची सोय मला नाही. कळत होतं. आमच्या साऱ्या वस्तीत ती बोली कळणारा मी एकटाच होतो, आणि म्हणूनच माझं खोटं खपलं.

आमची वस्ती निमगाव केतकीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. दोन खोल्या स्लॅबच्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीला लागून गोठा. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि त्या आवाजाच्या मागं कायम दुसरा एक आवाज असायचा, विहिरीवरच्या मोटरीचा. वीज असेल तेव्हा ती गुणगुणत राही आणि ती गुणगुणत असली की आमचे वडील, तात्या, शांत असत. ती थांबली की जेवता जेवता त्यांचा घास हातात थांबायचा. "बघ रं बाळ्या, लाइट गेली का मोटर बसली?" विहीर सामाईक होती, आमची आणि तात्यांच्या चुलत भावाची, कोंडिबाकाकाची. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या आणि त्या पाळ्यांवरून वर्षाकाठी निदान एकदा दोन्ही घरांचा अबोला ठरलेला होता. तात्या ग्रामपंचायतीत मेंबर होते. लोकांच्या बांधाची भांडणं मिटवायला जायचे, स्वतःच्या विहिरीचं मात्र त्यांना कधी मिटवता आलं नाही.

ओढ्यापलीकडं गायरान होतं आणि गायरानावर पारध्यांची पालं होती. सहा-सात पालं, त्यांत दोन बऱ्यापैकी खोपटं, मधोमध एक थोराड बाभूळ. जमीन सरकारची, म्हणजे आमच्या दृष्टीनं कुणाचीच नाही, आणि त्यांच्या दृष्टीनं आज असलेली, उद्या नसलेली. त्यांच्यातला म्हातारा कोर्टबाबा आमच्या उसाची आणि डाळिंबाची राखण करायचा. त्याचं नाव खरोखरच कोर्ट होतं. तो जन्मला त्या दिवशी त्याच्या बापाला कोर्टात उभं केलं होतं. त्यांच्यात मूल जन्मताना आजूबाजूला जे घडत असेल त्याचं नाव मुलाला द्यायची चाल होती. थोरला मुलगा तहशील. धाकटा, माझ्या बरोबरीचा, साहेब. तो जन्मला तेव्हा गायरान मोजायला कुणी साहेब आला होता म्हणे. शाळेत गुरुजींना हे फार जड गेलं. रोज सकाळी पारध्याच्या पोराला साहेब म्हणून हाक मारायची? त्यांनी पहिल्या आठवड्यातच त्याचा साहेब्या करून टाकला.

त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट आहे. गुरुजी हजेरी घेत होते आणि नातवाला पोचवायला यावं तसा मुलाला पोचवायला आलेला कोर्टबाबा खिडकीबाहेर उभा होता. एकेक नाव, एकेक 'हजर'. म्हातारा बघता बघता ताठ उभा राहिला, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले. शाळा सुटल्यावर त्यानं तात्यांना विचारलं, "मेंबर, पोरगं एकांद्या दिशी हजेरीला न्हाय आलं तर पोलीस येतेत का?" तात्या पोट धरून हसले. मीही हसलो. हसू का येऊ नये हे मला पुढं बऱ्याच दिवसांनी, त्याच्याच तोंडून कळलं. त्याचा बाप इंग्रजाच्या काळात सेटलमेंटमध्ये होता. तारेचं कुंपण, आत जन्मायचं, आत मरायचं, सकाळ-संध्याकाळ हजेरी. गुन्हा केला म्हणून नाही, पारधी म्हणून. पुढं तार निघाली, पण कोर्टबाबा पोरसवदा असताना परगावी मुक्काम पडला की आधी पाटलाच्या दारात जाऊन उभं राहायचं, आम्ही आलोय म्हणून सांगायचं. "तार काढली," तो म्हणायचा, "पर ती कुठं ठिवली त्ये सरकारनं सांगितलं न्हाय."

मी त्यांची बोली शिकलो ती साहेब्याच्या संगतीनं. कानाला गुजरातीच्या लांबच्या बहिणीसारखी लागणारी ती बोली आहे. आईला मी ओढ्यापलीकडं जातो हे ठाऊक होतं, तात्यांना नव्हतं. कोर्टबाबाला आमच्या घरी चहा मिळायचा तो गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात, वरून ओतून. आणि मी त्याच्या खोपटात त्याच्या बायकोच्या, मैनाआजीच्या, हातचा भात जर्मनच्या ताटलीत बोटं चाटून खायचो. तिखट असा की डोळ्यांतून पाणी यायचं आणि म्हातारी टाळ्या वाजवायची. "बागायतदाराचं पोरगं रडवलं गं मी!" घरी परतलो की आई अंगावर पाण्याची घागर ओतायची. कपडे काढून टाक म्हणायची, पण का ते म्हणायची नाही. हे सगळं मी तात्यांपासून जपून ठेवलं होतं. बोली येते एवढंच त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "आमचं बाळ्या पारध्याची भाषा बोलतंय," असं ते पाव्हण्यांना सांगत, जसं कुणी सांगावं की आमचा बैल नमस्कार करतो.

त्यांचं सरकार त्या बाभळीखाली बसायचं. डाळजकडून, वडगावच्या बाजूनं, कुठून कुठून त्यांचे लोक यायचे आणि दिवसदिवसभर बोलायचे. कुणी कुणाला थांबवायचं नाही. बायाही उठून बोलायच्या, भांडायच्या, एखादी रुसून निघून जायची, तिला परत आणायचे. इतर ठिकाणी काय चालतं मला माहीत नाही आणि त्यांच्या पंचायतीत सगळं न्यायाचंच चाले असं मी म्हणणार नाही. मी जे पाहिलं तेवढंच सांगतो. पंच सावलीत बसत. ज्याच्यावर आळ असेल तो सावलीच्या बाहेर, उन्हात. आळ फिटला की कुणीतरी त्याला हाताला धरून सावलीत आणायचं. सावली सरकत जायची तसा तोही सरकायचा, दिवसभर ऊन त्याच्या अंगावरच राहील असा. कोर्टबाबा पंच होता. बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून बसायचा. मला म्हणायचा, "तुज्या तात्याला पाच वर्सांनी येकदा मत मागाय लागतं. मला रोज लागतं. येक दिवस खोटा पडलो की गेलो उन्हात."

आता त्या शब्दाकडं येतो. तो त्यांच्या बोलीतला शब्द मी इथं लिहिणार नाही. एकदा मी तो गावापुढं टाकला, दुसऱ्यांदा छापून टाकायची इच्छा नाही. मराठीत त्याला पाखरू म्हणू. कोर्टबाबाकडं वेताच्या पिंजऱ्यात पाळलेला तित्तर असे. त्याच्या ओरडण्यानं रानातले तित्तर जवळ यायचे आणि फाशात सापडायचे. कुत्रं, ससाणा, परका माणूस, काही आलं की बाया पिंजऱ्यावर फडकं टाकत. 'पाखरू झाक' म्हणत. आणि तेच मग तान्ह्या मुलाबद्दल म्हणायची सवय पडली होती. परकं कुणी आलं, कुणाची नजर वाईट वाटली, की एक बाई दुसरीला सांगायची, पाखरू झाक, आणि ती पदर ओढून घ्यायची. मैनाआजी मलाही पाखरूच म्हणायची. परक्या पिंजऱ्यातलं पाखरू.

त्या हिवाळ्यात तहशीलची बायको बिजली दिवसांत होती. त्यांच्यात बाळंतिणीचं खोपट वेगळं असायचं, घरापासून लांब, आणि पुरुषांनी तिकडं फिरकायचं नाही. या खेपेला ते खोपट आमच्या उसाच्या कडेला, आत दोन सऱ्या सोडून घातलं होतं, कारण माळावर वारं फार होतं. मैनाआजीनं आईला विचारून घातलं होतं. आईनं तिला एक जुनं लुगडं आणि वाटीभर तूप दिलं. ते नेऊन द्यायला आईनं मलाच पाठवलं. "म्हातारीच्या हातात दी आन् माघारी ये," ती म्हणाली. "तात्यास्नी सांगायचं न्हाय." हे मी इथं अशासाठी सांगतोय की, पाखरू म्हणजे काय आणि ते कुठं झाकलंय, हे दोन्ही मला पक्कं माहीत होतं. आईनं दिलेलं तूप मी माझ्या हातानं पोचवलं होतं.

आणि मग एका सकाळी मोटर वाजलीच नाही. तात्या विहिरीवर गेले आणि तिथूनच ओरडत आले. मोटर नव्हती. पाइप उघडा लोंबत होता, केबल कापलेली. दुपार व्हायच्या आत हवालदार आला, वस्त्यांवरची माणसं जमली आणि गायरानावरचे सगळे पुरुष देवळापुढच्या पटांगणात उकिडवे बसवले गेले. कुणी सांगितलं, कुणी संशय घेतला, हे आठवायचा प्रयत्न केला तर आठवत नाही, कारण तसं काही झालंच नाही. मोटर गेली म्हणजे पारध्यांनी नेली, यावर चर्चा झाली नाही. कोर्टबाबा राखणदार होता, म्हणून त्याला सगळ्यांच्या पुढं बसवलं होतं. साहेब्या त्याच्या मागं होता. मी आमच्या माणसांत उभा होतो, कॉलेजची पँट घालून, इस्त्रीची.

"काय रं म्हाताऱ्या, राखण करतोस का चाखण?" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

"मी मोटर बघितली न्हाय, मेंबर," कोर्टबाबा तात्यांकडं बघून म्हणाला. हवालदाराकडं त्यानं पाहिलंच नाही. "तुमचं मीठ खाल्लंय."

"मीठ खाल्लं, आता मोटर बी खाल्ली," हवालदार म्हणाला आणि त्यानं काठीचं टोक म्हाताऱ्याच्या खांद्यावर टेकलं. कोर्टबाबा उठू लागला. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. तेव्हा पटांगणाच्या कडेला उभ्या असलेल्या बायांमधून मैनाआजी त्यांच्या बोलीत ओरडली. तिचे शब्द असे होते: "उठू नको. रागाला येऊ नको. पाखरू उसात झाकलंय, कुणी बघितलं न्हाय. गप बस, ही लोकं जातील."

म्हातारा बसला. सून आणि बाळ सुखरूप आहेत, आता तू मार ओढवून घेऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ होता. ती बाळंतीण होऊन दोन-तीन दिवस झाले असतील.

"काय म्हणली ती?" हवालदारानं विचारलं. "हितं कुणाला कळतंय का ह्येंचं?"

"आमच्या बाळ्याला कळतंय की!" तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मोटर गेल्याचं दुःख क्षणभर बाजूला सारून तो चेहरा खुलला होता. "ये रं म्होरं."

लोकांनी वाट करून दिली. मी पुढं गेलो. आयुष्यात पहिल्यांदा इतकी मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "म्हणती, पाखरू उसात झाकलंय." तो एक शब्द मी त्यांच्या बोलीतलाच ठेवला.

"पाखरू म्हंजी?"

या ठिकाणी मला वेळ होता. हवालदार तंबाखू मळत होता, त्याला घाई नव्हती. मी 'बाळंतीण' म्हणू शकलो असतो. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं ठाऊक? आणि मग ते जर्मनचं ताट, तो भात, ती घागर, आईचं तूप, सगळं तात्यांपुढं, गर्दीत उभ्या असलेल्या माझ्या कॉलेजच्या दोन पोरांपुढं उघडं पडलं असतं. साहेब्यानं मान वर केली. त्याला मराठी येत होती, मी काय विचारात पडलोय हेही त्याला कळत होतं. तो डोळ्यांनी मला विनवत नव्हता. तो निवांत होता. माझ्यावर त्याचा भरवसा होता.

"माल असंल," मी म्हणालो.

माणसं उसात घुसली. पाचट तुडवल्याचा आवाज पटांगणापर्यंत ऐकू येत होता, कुत्री भुंकत होती. मैनाआजी किंचाळली आणि धावत सुटली, तिला दोघांनी धरलं. खोपट सापडलं, आत आमचं जुनं लुगडं सापडलं, चूल सापडली. बाई सापडली नाही. माणसांची चाहूल लागताच ती ओली बाळंतीण मूल छातीशी धरून उसातून पळाली होती, सरळ कालव्यापर्यंत. ज्यानं लुगडं आणलं त्यानं ते काठीवर उचलून आणलं होतं. "माल हलवला भडव्यांनी," हवालदार म्हणाला. "खोपटं बी घातलं हुतं ठिवाय." तात्यांनी ते लुगडं पाहिलं. ते आईचं आहे हे त्यांनी ओळखलं की नाही, मला कधीच कळलं नाही. कोर्टबाबाला आणि तहशीलला जीपमध्ये घालून नेलं, आणि आमच्या वस्त्यांवरच्या पोरांनी पालांच्या दोऱ्या कापल्या.

ऊन कलायच्या आत गायरान मोकळं झालं. जे उचलता आलं ते डोक्यावर घेऊन ते ओढ्याच्या कडेनं निघाले. मी बांधावर उभा होतो. साहेब्याच्या हातात तित्तराचा पिंजरा होता, फडकं टाकलेला. तो माझ्यापुढं थांबला. लहानपणापासून आम्ही दोघं एकमेकांशी त्यांच्या बोलीत बोलत आलो होतो. शाळेत गुरुजींपुढंसुद्धा, गुरुजींना कळू नये म्हणून. त्या दिवशी तो मराठीत बोलला. "बाळासाहेब," तो म्हणाला, "येतो आमी." आणि गेला. शिवी दिली असती, थुंकला असता, तर मी कदाचित विसरलो असतो. आजही मला कुणी बाळासाहेब म्हणून हाक मारली की मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं हा माणूस नम्र आहे.

जेवताना आईनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला ठावं हुतं की रं." तात्यांनी विचारलं, "काय ठावं हुतं?" आई म्हणाली, "काय न्हाय. आमटीत मीठ कमी हाय म्हणलं." त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. तिलाही बोलता आलं असतं हे ती जाणून होती, असं मला आता वाटतं. पण तिचा वाटा तिचा. मी माझा सांगतोय.

मोटर दुसऱ्या दिवशी सापडली. पाळीवरून तात्यांचं आणि कोंडिबाकाकाचं वाजलं होतं, आणि काकानंच रागाच्या भरात ती काढून गुऱ्हाळाच्या चिपाडात लपवली होती. वाटलं होतं दोन दिवस तात्यांचा ऊस वाळू द्यावा, मग बसवू. हवालदार आल्यावर त्याची बोबडी वळली आणि तो गप्प राहिला. रातोरात मनाला खाल्लं असेल, सकाळी येऊन पडवीत बसला आणि म्हणाला, "दादा, मोटर चिपाडात हाय." तात्या आधी उठले, मग बसले. मग मोठ्यानं हसले. "भोसडीच्या, सांगायचं तरी!" आईला चहा टाकायला सांगितला. भावकीचं भांडण मिटलं. हवालदाराला कळवायचं का, असं कुणीच विचारलं नाही. तात्या एवढंच म्हणाले, "गेली ती पीडा गेली. आता कशाला उकरायचं?" मी त्या पडवीत बसून तो चहा प्यालो. कप कान असलेला होता.

पुढं कधीतरी कळलं की त्यांनी डाळजजवळ हायवेच्या कडेला पालं टाकलीत. पुण्याला जाताना एसटी तिथूनच जायची. मी डाव्या बाजूच्या खिडकीत बसायचं सोडलं. त्यांना मोटर सापडल्याचं सांगायला एका तिकिटाची आणि एका तासाची गरज होती, आणि मला ते जमायला अर्धं आयुष्य लागलं. मी पदवीधर झालो, लग्न झालं, बारामतीत घर केलं, वडगाव निंबाळकरच्या एका दूध संकलन केंद्रावर नोकरीला लागलो. तात्या गेले. त्यांच्या आजारपणात एकदा विषय काढायचा विचार केला होता, पण ते डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकत होते आणि मला वाटलं त्यांना मोटर ऐकू येतेय.

एके दिवशी केंद्रावर दुधाच्या टेम्पोवर नवा ड्रायव्हर आला. विशीतला, काटक, तोंडात सतत गाणं. पोरांनी मला हाक मारली, "अण्णा, ह्या ड्रायव्हरचं नाव ऐका. मोटर!" सगळे खिदळत होते. तोही हसत होता.

"खरं नाव सांग की," मी म्हणालो.

"ह्येच खरं. आमच्यात असंच ठेवत्यात." त्यानं कॅन उतरवता उतरवता सांगितलं, पाठ करून ठेवलेली गंमत सांगावी तसं. "मी जल्मलो तवा इंदापूरकडं एका बागायतदाराची मोटर हरवली हुती. लोक उसात घुसले. आय मला घिऊन कालव्याच्या मोरीत बसली, गुडघाभर पाण्यात. आज्जाला आन् बापाला पोलिसांनी नेलं. म्हणून मी मोटर. बरं झालं रोडरोलर न्हाय हरवला!" पोरं हसून लोळायची बाकी राहिली. मग तो म्हणाला, "ती मोटर अजून सापडली न्हाय म्हणं."

मी कॅनच्या कडीला धरून उभा होतो. इतकी वर्षं मी माझ्या खोट्याचाच विचार करत आलो होतो. मोटर सापडली हे त्यांना कुणी सांगितलंच नाही आणि म्हणून ती त्यांच्यासाठी अजून चोरीलाच गेलेली आहे, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. "आजा कसा आहे?" मी विचारलं.

"गेला की. लय वर्सं झाली. हाताची बोटं मोडली हुती, फासा वळाय यायचा न्हाय त्येला." मोटर जरा गंभीर झाला. "आमच्यात पंच हुता आधी. पर आळ फिटला न्हाय ना. मरस्तोवर उन्हात बसला. लोक म्हणायचे, ये सावलीत, तुज्यावर कुणाचा इस्वास न्हाय असं न्हाय. तर म्हणायचा, मोटर गावली की येतो."

त्या आठवड्यात मी रजा काढून डाळजला गेलो. आता पत्र्याची घरं होती, एकदोन पक्की, आणि मधोमध झाड होतं, लिंबाचं. साहेब दारात बसून टायरचं पंक्चर काढत होता. केस पिकले होते. त्यानं मला लगेच ओळखलं. मी पुढं होऊन त्याच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यानं पाय मागं घेतला.

"बोला, बाळासाहेब."

मी सगळं सांगितलं. मराठीत. मोटर चिपाडात होती इथपर्यंत आलो तेव्हा त्याचा हात थांबला. बराच वेळ तो त्या ट्यूबमधून हवा जातेय का ते पाहत राहिला. "मला येकट्याला सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "त्या दिशी तुमी मला कानात सांगितलं न्हाय. समद्या गावाम्होरं सांगितलं. आता बी समद्यांम्होरं सांगा. आन् आमच्या बोलीत सांगा. त्यो शब्द तिच्यातनंच काढून न्हेला हुता."

मला बोलावणं आलं त्या दिवशी लिंबाखाली बरीच माणसं होती. एका म्हाताऱ्या पंचानं हरकत घेतली, परक्याचं प्रकरण आपल्यात आजवर आलेलं नाही. दुसरा म्हणाला, "त्येंच्या सरकारात आपुन किती येळा उकिडवं बसलो? येकदा त्येला बसू दे की." लोक हसले, आणि मला जागा दाखवली. सावलीच्या बाहेर. मी उन्हात बसलो. समोर सावलीत मैनाआजी होती, सुकून एवढीशी झालेली, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. तिच्याशेजारी तहशील, बिजली आणि मोटर. मोटरच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. बुंध्यापाशी एक जागा मोकळी होती आणि तिथं कुणी बसत नव्हतं.

मी उभा राहिलो आणि माझी बोली निघेना. इतक्या वर्षांत ती कुणाशी बोललोच नव्हतो. पहिलं वाक्य निम्मं मराठीत झालं, एक पोरगं हसलं, त्याला गप्प केलं. मग नेमका तोच शब्द आठवेना. उसात काय झाकलं होतं ते मला सांगता येईना. मी तिथंच अडकलो. तेव्हा मैनाआजीनं आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं आणि तो शब्द हळूच, लहान मुलाला सांगावा तसा, मला सांगितला.

मी तो तिच्या मागून म्हटला आणि पुढं बोललो. "पाखरू म्हणजे माल नव्हता. पाखरू म्हणजे हा, बिजलीचा मोटर. मला ठाऊक होतं. बाळंतिणीचं तूप मीच आणून दिलं होतं. तुमच्या ताटात जेवतो हे बापाला कळू नये, म्हणून मी खोटं बोललो. मोटर आमच्याच काकानं लपवली होती. दुसऱ्या दिवशी सापडली आणि तुम्हाला सांगायला मी आलो नाही. कोर्टबाबानं काही घेतलं नव्हतं. त्याला सावलीत घ्या. मैनाआजी, तहशील, बिजली, साहेब, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."